उघाडीवरची बाय

१४ डिसेंबर २०२४

“मागं वळून बघू नको गो, बाय बघतेय तुला जाताना.”

माझी पाठवणी होत होती तेव्हा आई हे म्हणाली होती. गाडी खारकोंडीच्या बांधावरून निघाली, उघाडीपाशी हळू झाली, आणि आईने खिडकीतून हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू देत नाही, पावसाचं मात्र खाडीत सोडतं. तिच्या शेजारी दोन्ही बाजूंनी उघडी अशी एक घुमटी आहे आणि घुमटीत शेंदूर माखलेला दगड. नाक नाही, डोळे नाहीत. तीच आमची बाय. मी वळून पाहिलं नव्हतं.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज हफ्साला सांगितलं. हफ्सा मुंबईला चित्रकला शिकून रोह्याला परत आली आहे, आणि गेला आठवडाभर आमच्या वाचनालयात येऊन बसते. तिच्या मनात आहे की पेण आणि रोहा तालुक्यातल्या बायकांनी मिळून एक मोठी गोधडी शिवायची. प्रत्येक गावाचं जे नवसाचं, श्रद्धेचं ठिकाण असेल, देऊळ, दर्गा, घुमटी, देवराई, त्याचा एक चौकोन. घरातल्या जुन्या कपड्यातून, हाताने. फेब्रुवारीच्या अखेरीस पेणला ती लोकांना बघायला भिंतीवर लावायची. बायकांना जमायला वाचनालयाचा हॉल मी मिळवून देते म्हटलं. ग्रंथपालाच्या हातात एवढं तरी असतं.

घरी येईपर्यंत माझा चौकोन मनात शिवूनही झाला होता. आई गेल्यापासून तिचं हिरवं लुगडं खारकोंडीला ट्रंकेत आहे. त्याचा पदर तांबडा. त्यातून बाय कापायची.

१५ डिसेंबर

हफ्साचा नियम असा की जिची चूल आज जिथे, तिने तिथलं ठिकाण करायचं. नाहीतर सगळ्याच बायका माहेरचं करतील आणि अर्धी गावं राहून जातील, असं ती म्हणाली. बरोबर आहे. खारकोंडीहून बचतगटाने एक नाव आधीच कळवलं आहे. शांती. म्हणजे माझी भावजय.

मला नदीकाठचा मारुती दिला. मी छान म्हटलं.

१६ डिसेंबर

झोप नीट लागली नाही. शांती रोह्याकडची, आतल्या भातशेतीच्या गावातली मुलगी. खाडीला भरती कधी येते हेही तिला लग्नानंतर कळलं. पहिल्या वर्षी मिठागरावर चप्पल घालून गेली म्हणून आम्ही सगळे हसलो होतो. ती बायला काय ओळखणार?

आणि तरी नियमाप्रमाणे खारकोंडी तिची आहे.

२० डिसेंबर

दुपारी वाचनालयात शांतीवहिनीचा फोन. तिने आईचं लुगडं बाहेर काढलंय. मला वाटलं होतं, निदान विचारेल. विचारलं ते भलतंच.

“वन्सं, आडवं फाडू का उभं? आडवं फाडलं तर पदर एकाच तुकड्याला जातो. उभं फाडलं तर दोन्ही तुकड्यांना येतो.”

चौकोन लागतो हातभर. त्याला अख्खं लुगडं फाडायचं कारण काय? मी म्हटलं, तुझं तू बघ. ती म्हणाली की मी अजून कात्री लावली नाय, तुमची वाट बघतेय. म्हणजे उद्या कुणी बोललं तर वन्संना विचारून फाडलं असं सांगायला मोकळी.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, तिच्या माहेरच्या देवराईचा चौकोन कोण करतंय. विचारून सांगते म्हटलं. समोर पुस्तक बदलायला माणसं उभी होती.

२९ डिसेंबर, रविवार

पहिली बैठक. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, चहा केला. बायका बऱ्याच आल्या. धाटावच्या कंपनीच्या बसमधून सुट्टीच्या दिवशीही येता येतं हे मला आज कळलं. दोघीजणी ड्रायव्हरशी ओळख काढून बसल्या होत्या. हफ्साची आई शरीफाखाला पिशवीभर कापडं घेऊन आली आणि खुर्ची ओढून मधोमध बसली. तिला खाडीकाठच्या पिराचा दर्गा करायचाय, आणि दर्ग्यावरच्या चादरीसाठी तिने नवऱ्याचा कुवेतहून आणलेला शर्ट ठेवलाय. तो विचारील तेव्हा विचारील, म्हणाली.

शांतीवहिनी पेणहून एसटीने आली. वडखळला गाडी अडकली म्हणून उशीर झाला, तर तिच्यासाठी सगळ्या थांबल्या. आल्यावर तिने पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढला. त्यावर कोळशाने घुमटी, बांध, उघाडीच्या फळ्या, खाली पाण्याच्या रेघा. काही शिकलेली नाही ती चित्रकलेतलं. पण कागद पसरला आणि बायका पुढे सरकल्या. हफ्सा गुडघ्यांवर बसली, फोटो काढले, म्हणाली की हा चौकोन मधोमध जाईल, बाकीचे याच्याभोवती.

मी चहाचे कप गोळा केले.

शरीफाखालाने माझ्याकडे बघितलं. “तोंड का असं गो? मारुती रुसला का तुझा?” म्हटलं, डोकं दुखतंय. “भावजय आली की दुखतं, माझंपण दुखायचं. आमी मिठावरनं भांडायचो. तुमी शिकलेल्या, तुमाला भांडायला देव लागतो.” सगळ्या हसल्या. वहिनीसुद्धा हसली, आणि तिला हसताना बघून मला राग आला.

२ जानेवारी

पिंकीचा होस्टेलवरून फोन. माझी लेक, आणि मला सांगते की मामीने गोधडीचे फोटो पाठवले, मामी भारी आहे, मामीशी रोज बोलते. तिच्या मामीला फोनवर टाइप करता येत नाही, ती बोलून पाठवते, आणि पिंकीला ते ऐकत झोपायला आवडतं. मी काय बोलते ते ती कधी ऐकत झोपली होती?

लहान मनाची आहे मी. पण इथे कोण वाचतंय.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी दर आठवड्याला जात होते, राहत नव्हते. माझा भाऊ, हरेशदादा, सांगतो की शेवटी शेवटी आई शांतीवहिनीलाच ‘सरू’ म्हणून हाक मारायची आणि ती ओ द्यायची. दादाला ते सांगताना कौतुक वाटतं. सरू माझं नाव आहे. माझ्या नावाला दुसऱ्या बाईने ओ दिली, माझ्या आईला, मी नसताना. तेव्हापासून ते मला कुठेतरी टोचत होतं. लुगड्याने फक्त वर आणलं.

११ जानेवारी

मारुती जमत नाही. गदा दुधीभोपळ्यासारखी दिसते. तीनदा उसवली. हे सेकंड शिफ्टला निघताना वाकून बघत म्हणाले, द्रोणागिरी मस्त झालाय. तो मारुतीचा गुडघा होता.

१९ जानेवारी, रविवार

आज सगळ्यांनी अर्धे झालेले चौकोन आणले. वहिनीने आपला उलगडला तेव्हा आधी मला आईचा वास आला. खरंच आला की वाटला, माहीत नाही. ते हिरवं कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पदराच्या तांबड्या पट्टीतून बाय कापून लावलेली. तिच्याभोवती धावदोऱ्याचे वेढे, पाण्यात खडा टाकल्यावर उमटतात तसे, एकाही टाक्याचं अंतर चुकलेलं नाही. बायकांनी हात लावून बघितलं. माझाही हात पुढे गेला होता, मी मागे घेतला.

मग माझ्या लक्षात आलं. बायच्या अंगावर काळ्या दोऱ्याची एक तिरकी रेघ. आणि खळगा नाही. आमच्या बायच्या उजव्या गालावर खळगा आहे, लहानपणी आम्ही मुली त्यात आबोलीचं फूल खोचायचो. हिची बाय गुळगुळीत, वर तडा गेलेली. हे बायचं तोंडच नव्हतं.

इथे खारकोंडीची रीत लिहायला हवी. चैत्रात बायची ओटी भरतात तेव्हा लेकी खाडीच्या बाजूने उभ्या राहतात आणि सुना शेताच्या बाजूने. कुणी ठरवलं माहीत नाही, पण लेकीने कधी शेताकडे जायचं नाही, सुनेने खाडीकडे नाही. लहानपणी आम्ही घुमटीभोवती नाचत म्हणायचो, लेकींना तोंड, सुनांना पाठ. म्हणजे वहिनीने जन्मात बायचं तोंड पाहिलेलंच नाही. तिने जी पाठ पाहिली ती शिवली. गोधडीच्या मधोमध, हजारो माणसं बघणार, तिथे आमच्या बायची पाठ.

बैठक संपल्यावर हफ्साला बाजूला घेऊन सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं. खळगा सांगितला, आईचं वाक्य परत सांगितलं: बाय बघतेय तुला जाताना. लेकी गेल्या त्या खाडीच्या बाजूने, तेव्हा तिचं तोंड तिकडेच. हफ्सा घाबरली. म्हणाली, बरं झालं तुम्ही होतात, लोकांनी पेणला नावं ठेवली असती.

घरी येताना मला हलकं वाटत होतं. खोटं का बोलू.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी वाचनालयात झेंडावंदन, मग तिथेच बैठक. हफ्साने वहिनीला फोनवर सांगितलं असणार, कारण ती आली ती चौकोन हातातच घेऊन. पिशवीत ठेवला नव्हता.

बसली. छोटी कात्री काढली. कुणाला काही न बोलता बायचा एकेक टाका कापून दोरा ओढायला लागली. हफ्सा म्हणाली की घरी निवांत केलं तरी चालेल. “नाय, आताच होऊ दे. सगळ्यांनी बगितलंय तर सगळ्यांसमोरच होऊ दे.” माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मग बायका आपापलं काम करतोय असं दाखवत बसल्या. 

तांबडा तुकडा सुटला. तिने तो आपल्या पदराच्या टोकात बांधला, गाठ मारली. हिरव्या कापडावर सुईची भोकं उरली होती. जुनं कापड, भोकं मिटत नाहीत. दगडाच्या आकाराची बारीक भोकांची ओळ, आणि आत काही नाही.

हफ्साने विचारलं, आता दुसऱ्या बाजूने करणार ना, ताई सांगतील कसं ते. तेव्हा पहिल्यांदा तिने मान वर केली. “मी बगितलं नाय ते मी कसं करू?” एवढंच. जाताना मला म्हणाली, “येते, वन्सं.” नेहमीसारखंच.

मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

३० जानेवारी

दादाचा फोन. तो कधी स्वतःहून करत नाही. म्हणाला, ती जेवते-खाते, पण सुई हातात घेत नाही. घुमटी रिकामी ठेवून चौकोन तसाच देणार म्हणते. बचतगटातल्या बायकांनी समजावलं तर म्हणाली, आईच्या कापडाला आता परत टोचणार नाय.

मग मी विचारू नये ते विचारलं. लुगड्याचा दुसरा तुकडा कुठे आहे? दादा म्हणाला, “ट्रंकेत हाय. अर्धा पदर त्याला हाय. कागदात बांधून ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाय. परवा मी ट्रंक सरकवली तर केवढी वसकली.”

म्हणजे तोही तिलाच हवा. अर्धा शिवला, अर्धा दडवला. माझ्या आईच्या अंगावरचं कापड आणि मला त्यातलं चिंधीएवढंही नाही. त्या रिकाम्या घुमटीबद्दल मला वाईट वाटायला लागलं होतं, ते गेलं.

४ फेब्रुवारी

मारुती पूर्ण झाला. हफ्सा म्हणाली, नीटनेटका आहे. शिंप्याने शिवलेल्या उशीच्या अभ्र्याला म्हणावं तसं.

शरीफाखाला दर्ग्याचं हिरवं निशाण लावत होती. तिने एकदम विचारलं, बायची पाठ कुठली नि तोंड कुठलं हे मला कुणी सांगितलं. म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे, लहानपणापासून. “सगळ्यांना म्हंजे लेकींना?”  ती दोरा तोडत म्हणाली, “तुझी आय कुठल्या बाजूनं उभी राहायची गो?”

आई सून होती. आई शेताच्या बाजूने उभी राहायची.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. घुमटी दोन्हीकडून उघडी. मी इकडून ओटी भरायची, आई समोरून, मधे दगड. दगडावरून मला तिचं कपाळ दिसायचं. मला वाटायचं, बिचारी आई, पाठीला हात जोडते. तिला तसं वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बैठक चुकवून खारकोंडीला गेले. हफ्साला ताप आहे म्हणून सांगितलं. पेणला उतरून मिनीडोअर रिक्षा मिळायला वेळ लागला. रामवाडीपाशी गणपतीच्या साच्यांचा टेम्पो आडवा झाला होता. बांधावर उतरले तेव्हा ऊन चढलं होतं आणि भरती लागत होती, उघाडीच्या फळ्या खाडीच्या पाण्याने दाबल्यासारख्या कुरकुरत होत्या. घरी न जाता आधी घुमटीकडे वळले. तिथे शांतीवहिनी होती. झाडत होती.

मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, किंवा तिने दाखवलं नाही. मी सवयीने खाडीच्या बाजूला गेले, खळग्यावर हात ठेवला. खळगा होता तिथेच होता. एका क्षणासाठी मला जिंकल्यासारखं वाटलं, तेही लिहिते.

“हितं या जरा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, तिकडे लेकी जात नाहीत.

“ओटी भरताना नाय जात. आज झाडायला आलोत.”

चार पावलांचं अंतर.  गेले. शेताच्या बाजूने बाय वेगळीच होती. गुळगुळीत, पोटासारखी, आणि वरून खाली एक तडा तिरका गेलेला. तड्यात जुना शेंदूर भरून भरून काळपट झालेला. कितीतरी सुनांच्या बोटांनी भरलेला. तिने काळ्या दोऱ्याने जी रेघ घातली होती ती हीच, अगदी याच वळणाची. आणि घुमटीपलीकडे, जिथे मी मघाशी उभी होते, तिथे नुसतं पाणी चमकत होतं.

“तो तुमचा गालाचा खळगा मला माहीत हाय,” ती म्हणाली. “आई सांगायच्या. मी बगितला नाय कदी. तो तुमचा.”

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस, सगळ्यांसमोर उसवत का बसलीस.

“हफ्साताई म्हणाली, गावची लेक सांगते. लेकीनं सांगितल्यावर सुनेनं काय बोलायचं?” ती केरसुणी आपटून धूळ काढत होती. “मला आईंनी पयल्या दिवशी हितंच आणलं होतं. वरातीतनं उतरल्यावर घरात घ्यायच्या आदी. मी रडत होते. म्हणाल्या, रडू नको गो, बाय बघतेय तुला येताना.”

मी घुमटीच्या खांबाला धरलं.

माझं वाक्य. आईने माझं वाक्य तिला दिलं होतं. एक शब्द बदलून. इतकी वर्षं मी ते जपून ठेवलं, कुणाला ऐकवलं नाही, आणि ते या बाईकडेही होतं. मला वाटलं, आईने बायचं तोंड नक्की कुणीकडे ठेवलं? माझ्याकडे की हिच्याकडे? आणि लगेच दुसरं वाटलं, की एवढ्या वयाला मी हा प्रश्न विचारतेय.

वहिनी म्हणाली, चहा घेऊन जा. मी म्हटलं, पेणची गाडी निघेल. तिने आग्रह केला नाही. तिच्या पदराच्या टोकाला अजून ती गाठ होती.

१० फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. ‘ओ’ देण्याचं मनातून जात नाही. आपल्याला दुसऱ्याच्या नावाने हाक येते, आणि हाक मारणारी बाई मरायला टेकलेली आहे, आणि आपण ओ देतो. रोज. तिला कुणी तिच्या नावाने हाक मारत होतं का त्या दिवसांत?

१३ फेब्रुवारी

हफ्साला सांगितलं की चूक माझी होती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, शांतीवहिनीचा चौकोन बरोबर होता.  मग ती रागावली, आणि मला तिचं रागावणं बरं वाटलं. म्हणाली, बाय दोन्हीकडून बघते हे तुम्हाला आधी सांगता आलं नाही का. मी म्हटलं, मला ते माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

आता सगळे चौकोन जोडून झालेत. मधे हिरवा चौकोन आहे, घुमटी, बांध, पाणी, आणि मधोमध भोकांची ओळ. पुढच्या रविवारी मागून अस्तर लागेल आणि मग काही बदलता येणार नाही. शरीफाखालाने त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. “ह्ये माझ्या घरचं असतं तर मी तुला दारात उभी केली नसती,” म्हणाली. मग माझ्या हातात चहा दिला.

जाताना सहज यादी बघितली. वहिनीच्या माहेरच्या देवराईचा चौकोन नाही. तिथून कुणीच आलं नाही, हफ्सा म्हणाली. विचारून सांगते म्हटलं होतं मी डिसेंबरात. कुणाला विचारलंच नव्हतं.

१५ फेब्रुवारी

आज सकाळी घरात कुणी नव्हतं. मी शांतीवहिनीला फोन लावला, दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलेपर्यंत थांबले. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं. त्यातलं निम्मं बोलले. जसं बोलले तसं लिहिते.

आधी देवराईचं सांगितलं, की मी विसरले, मुद्दाम नाही, पण विसरले. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे वन्सं, माहेर लांब हाय माझं.” रोहा स्टेशनपासून रिक्षाने अर्धा तास. मला तिथे ती कधी घेऊन गेली नाही, आणि मीही कधी चल म्हटलं नाही.

मग उसवल्याचं बोलले. तिने ऐकून घेतलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, ती अंगणात असावी. माफ केलं असं काही म्हणाली नाही. “आईंचं कापड खराब झालं,” एवढंच म्हणाली.

मग मी मागितलं. मला माहीत आहे की मागायचा हक्क मी सव्वीस जानेवारीला घालवला. तिने दादाला सांगितलंय की त्या कापडाला आता परत टोचणार नाही. आणि जे उरलं आहे ते तिने कागदात बांधून ट्रंकेत ठेवलंय, नवऱ्यालाही हात लावू देत नाही. इतकं तिला ते हवं आहे. तिच्या जागी मी असते तर फोन ठेवला असता.

तरी म्हटलं, “शांती, ट्रंकेतला तुकडा मला देशील? त्याच्या पदराची एक पट्टी तुझ्या बायसाठी, भोकं झाकायला. तू घाल, तड्यासकट, होती तशीच. आणि एक हातभर मला. अस्तर लागायच्या आधी मी पाठीमागच्या बाजूला खळग्याची बाय घालते, तुझ्या बायच्या पाठीला पाठ लावून. कुणाला दिसणार नाही, अस्तराखाली, भिंतीकडे जाईल ती. नाही म्हणालीस तरी चालेल. नाहीच म्हणशील. पण देशील का?”